एक जून आणि सात मे

आपल्या मंडळाच्या वहीत सभासदांच्या जन्मतारखा उतरवून घेण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले, तेव्हा एक गंमत ध्यानात आली. एकसष्ट सभासदांपैकी अकरा जणींचा वाढदिवस १ जून! नव्याने सभासद झालेल्या एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, केवढा हा योग!" त्यावर आम्ही अकरा जणी एकमेकींकडे पाहून हसू लागलो. यात योग कसला आला? शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी आपले १ जून लिहून टाकीत. शाळा जूनमध्ये सुरू होई, त्यांना वयाचा हिशेब सोपा पडे. माझी जन्मतारीखही अशी गुरुजींनीच दिलेली आहे.

आईला विचारले म्हणजे ती सांगे, "अगं, शाळू काढणीला आला होता. टिपूर चांदणे पडले होते आणि मारुतीच्या देवळात भजन चालले होते. भजन संपले आणि तू झालीस." तारीख नाही की वार नाही. लहानपणी मला या उत्तराची लाज वाटे.

या एक जूनच्या नादाने मी एकाच दिवशी जन्मलेल्या थोरामोठ्यांची माहिती वाचू लागले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तथापि वाचनाची आवड आहे आणि गाण्याची त्याहून अधिक. म्हणून गाण्यातल्या माणसांकडे मन ओढले गेले आणि ७ मे या तारखेपाशी थबकले. या तारखेला तीन मोठे संगीतकार जन्मले. १८३३ साली जर्मन मुलखातील हॅम्बुर्ग शहरी योहानेस ब्राह्म्स, १८४० साली रशियातील व्होटकिन्स्क गावी प्योत्र चायकोव्स्की आणि १८६१ साली कलकत्त्यास जोडासांकोच्या वाड्यात रवींद्रनाथ ठाकूर. रवींद्रनाथांना आपण कवी म्हणून ओळखतो. पण त्यांनी दोन हजारांच्या आसपास गाणी रचली आणि बहुतेकांच्या चालीही स्वतःच बांधल्या.

तिघांची घरे मात्र तीन तऱ्हांची. ब्राह्म्सचे वडील नाचगाण्याच्या ठिकाणी वाद्य वाजवून पोट भरीत आणि आई शिवणकाम करी. आई वडिलांपेक्षा सतरा वर्षांनी मोठी होती. चायकोव्स्कीचे वडील लोखंडाच्या कारखान्याचे व्यवस्थापक. घरात आपोआप वाजणारी मोठी वाद्यपेटी होती, तिचे सूर ऐकत मुलगा वाढला. रवींद्रनाथ हे तर आईचे चौदावे अपत्य. एवढ्या मोठ्या वाड्यात ते अधिक वाढले ते नोकरांच्या हाती. पुढच्या दोघांची आई लवकर गेली. चायकोव्स्की चौदा वर्षांचा असताना त्याची आई पटकीने वारली. रवींद्रनाथांना चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. ब्राह्म्सच्या आईला आयुष्य लाभले. ती १८६५ साली गेली, आणि त्यानंतर त्याने जी मोठी शोकरचना पुरी केली, तिच्या एका भागात आई लेकराची समजूत घालते तसे सांत्वन आहे.

आता तारखेची गोष्ट ऐका. रशियात त्या काळी जुनी दिनगणना चालू होती आणि त्या शतकात ती युरोपातील इतर देशांच्या बारा दिवस मागे असे. म्हणून चायकोव्स्कीच्या घरी त्याचा जन्मदिवस ७ मे नव्हताच, तो होता २५ एप्रिल. रशियाने नवी गणना घेतली ती १९१८ साली. तोवर त्याला जाऊन पंचवीस वर्षे होत आली होती. रवींद्रनाथांचा जन्म बंगाली सन १२६८ च्या २५ बैशाखचा. बंगालात अजूनही त्यांची जयंती त्याच दिवशी होते आणि इंग्रजी तारखेने ती बहुधा ८ किंवा ९ मेला येते. आपल्याकडेही वाढदिवस तिथीने की तारखेने, हा वाद घरोघर असतोच! तात्पर्य, तिघांना एका दिवशी आणून बसवले ते कॅलेंडराने. जसे आम्हा अकरा जणींना गुरुजींनी.

यांपैकी ब्राह्म्स आणि चायकोव्स्की यांची एकदा एकाच पंगतीला गाठ पडली, ती हकीगत मोठी गोड आहे. १८८८ सालचा १ जानेवारी. लाइप्झिग शहरी ॲडोल्फ ब्रोड्स्की या व्हायोलिनवादकाच्या घरी मंडळी जमली होती. सगळे नव्या वर्षाचा सण करीत होते, आणि चायकोव्स्कीच्या रशियात त्या दिवशी अजून २० डिसेंबरच होता! नॉर्वेचे संगीतकार ग्रीग आणि त्यांची पत्नी नीना हेही होते. नीनाबाईंना या दोघांच्या मध्ये बसवले होते. परंतु दोन्हीकडच्या मोठेपणाचे दडपण येऊन त्या उठल्या, आणि नवऱ्याने हसत त्यांची जागा घेतली. ब्राह्म्सने तर स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याचे भांडेच आपल्यापुढे ओढले आणि हे सगळे माझे, असे जाहीर केले. यजमानीणबाईंनी हे सारे पुढे लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला कळते. त्या बाई नसत्या, तर इतिहासात मुरंबा कुठून आला असता?

दोघांची मने जुळली, पण संगीत जुळले नाही. दोघांनीही १८७८ सालीच व्हायोलिनसाठी मोठी रचना केली आणि दोघांचाही षड्ज एकच, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी दोन. तरी एकीची चाल दुसरीत सापडायची नाही. चायकोव्स्कीने आपल्या रोजनिशीत ब्राह्म्सच्या संगीताला पूर्वीच नावे ठेवली होती. १८८९ साली हॅम्बुर्गला ब्राह्म्स मुद्दाम एक दिवस जास्त राहिला, चायकोव्स्कीच्या नव्या रचनेची तालीम त्याने ऐकली, आणि जेवताना शेवटचा भाग आवडला नाही असे तोंडावर सांगितले. चायकोव्स्कीला राग आला नाही. एका दिवशी जन्मल्याने स्वभाव एक होतात म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मग या तिघांत खरे नाते काही आहे की नाही? मला वाटते, आहे. पण ते जन्मवेळेचे नाही. तिघांनीही साध्या माणसांच्या तोंडचे गाणे कान देऊन ऐकले.

ब्राह्म्सने १८५९ साली हॅम्बुर्गला स्त्रियांचा गायनवृंद काढला होता, म्हणजे एक महिला मंडळच म्हणा ना. त्याचे नियमही केले होते. उशिरा येणारीला दंड, आणि दंडाचे पैसे भिकाऱ्यांना. (आपल्या मंडळानेही याचा विचार करावा!) त्या वृंदात बर्टा नावाची व्हिएन्नाची एक मुलगी होती. ती त्याला आपल्याकडची साध्या घाटणीची गाणी म्हणून दाखवी. पुढे तिचे लग्न झाले. १८६८ साली तिला दुसरा मुलगा झाला, तेव्हा ब्राह्म्सने एक पाळणा रचून तिला पाठवला, आणि तिनेच पूर्वी म्हटलेल्या एका गाण्याची चाल पियानोच्या साथीत अलगद गुंफली. आज तो पाळणा साऱ्या जगात वाजतो. मुलीने मला तो मोबाइलवर ऐकवला, तेव्हा कळले की लहान मुलांच्या खेळण्यात वाजते ती हीच चाल.

चायकोव्स्की युक्रेनमधील कामेन्का गावी आपल्या बहिणीकडे जात असे. तिथे काम करणाऱ्या एका कारागिराच्या तोंडचे गाणे त्याने टिपून घेतले आणि १८७१ साली चार तंतुवाद्यांच्या रचनेत बसवले. १८७६ साली ते ऐकताना शेजारी बसलेल्या टॉल्स्टॉयसारख्या माणसाच्या डोळ्यांना पाणी आले. त्या कारागिराचे नाव मात्र राहिले नाही.

रवींद्रनाथ पद्मा नदीकाठी शिलाइदहाला जमिनीचा कारभार पाहत, तेव्हा तिथे गगन हरकरा म्हणून एक टपालवाला होता. टपाल वाटता वाटता तो बाउलांची गाणी गाई. १९०५ साली बंगालची फाळणी झाली, तेव्हा रवींद्रनाथांनी ‘आमार शोनार बांगला’ लिहिले आणि त्याला चाल घेतली ती या टपालवाल्याच्या गाण्याची. पुढे ते बांगलादेशाचे राष्ट्रगीत झाले. इथे नाव राहिले, कारण घेणाऱ्याने ते लपवले नाही.

रवींद्रनाथांच्या घरातली आणखी एक गोष्ट सांगते. त्यांचा वाढदिवस प्रथम साजरा झाला तो १८८७ साली, आणि केला तो त्यांच्या भाचीने, सरलेने. सकाळी लवकर जाऊन तिने बकुळीची माळ आणि धोतरजोडी मामांपुढे ठेवली व नमस्कार केला. आज बंगालात एवढा मोठा उत्सव होतो, त्याची सुरुवात घरातल्या एका मुलीच्या आठवणीने झाली.

हे वाचले आणि मला आई आठवली. जात्यावर बसली की ती ओव्या म्हणे, त्यांतल्या एकीत माझे नाव घातलेले असे. चाल अजून माझ्या कानात आहे, शब्द मात्र अर्धेच उरले आहेत. मी आईला उभ्या जन्मात माझी तारीख दहादा विचारली, पण ती ओवी पुन्हा म्हण असे एकदाही म्हटले नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली. जी गोष्ट गुरुजींनी एका क्षणात ठरवून टाकली तिची चौकशी मी करीत राहिले, आणि जी फक्त आईजवळ होती ती तिच्याबरोबर गेली.

म्हणून या वर्धापनदिनी भगिनींना एक विनंती आहे. घरात आई, सासू, आत्या, जी कोणी वडीलधारी बाई असेल, तिच्याजवळ बसून एक ओवी किंवा एक पाळणा उतरवून घ्या, आणि खाली तिचे नाव लिहा. मंडळाच्या वहीत जन्मतारखांच्या पुढची पाने मी कोरी ठेवली आहेत. पहिल्या पानावर मी माझ्या आईची अर्धी ओवी लिहिली आहे. आमच्या गावाकडची कोणी असेल आणि तिला उरलेली अर्धी ठाऊक असेल, तर तिने ती पुरी करावी. माझ्या वाढदिवसाला मला दुसरे काही नको.