काठ्यांची मोजदाद

खेड्यातले मज्जासंस्थेचे आजार मोजायचे कसे, याचा विचार करताना मी लॅथिरिझमपाशी थांबलो. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत या आजाराच्या पायऱ्या काठ्यांवरून ठरतात: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी सरपटणारा. पाय ताठरतात, गुडघे एकमेकांत अडकतात, माणूस चवड्यांवर चालतो. बुद्धी शाबूत राहते. गेलेले पाय परत येत नाहीत.

कारण आहे लाखोळी. पूर्व विदर्भातली लाखेची डाळ, उत्तरेतली खेसारी. सुश्रुतसंहितेतल्या 'कलायखंज' या व्याधीच्या नावातच कडधान्य आहे.

ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनने १८४४च्या पुस्तकात सागरकडच्या एका गावाची हकीकत दिली आहे. १८२९ला गारपिटीने गहू गेला, पुढच्या साली वेळेवर पाऊस नाही, १८३१ला पिकावर रोग. तिन्ही वर्षे तग धरली ती लाखोळीने. लोकांनी तिच्याच भाकरी खाल्ल्या. १८३३पासून तिशीच्या आतली माणसे एकाएकी कमरेखाली लुळी पडू लागली. दोन वर्षांत गावातली निम्मी तरुण मंडळी!

हा झाला दुष्काळ. पण विसाव्या शतकात रीवा भागात आजार टिकला तो मजुरीच्या मापातून. वेठबिगाराला मजुरी म्हणून लाखोळीच मिळे. आहारातला तिचा वाटा तीस टक्क्यांवर गेला आणि दोन ते सहा महिने तसाच राहिला, की धोका सुरू. गहू-तांदळासोबत ती थोडी खाणाऱ्याला तो नाही. म्हणून दर हजारी आकडा मला अपुरा वाटतो: वाडा आणि मजुरांची वस्ती त्यात एकत्र कालवली जातात.

१९६१मध्ये भेसळ प्रतिबंधाच्या कायद्याखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. मजुरीचे धान्य मजूर विकत घेतच नव्हता, तिथे ही बंदी काय करणार? १९६४मध्ये भारतीय संशोधकांनी डाळीतले विषारी अमिनो आम्ल वेगळे काढले. ते पाण्यात विरघळते. गरम पाण्यात डाळ भिजवून पाणी फेकले तर बरेचसे निघून जाते. अर्थात त्यासाठी घरात सरपण आणि पाणी मुबलक हवे.

महाराष्ट्राने २००८मध्ये बंदी उठवली. धानपट्ट्यात उभ्या धानात बी फेकतात. नांगरट लागत नाही, जमिनीतल्या ओलीवर पीक येते. तिथे लाखोळी भाकरीची जागा घेत नाही, भाताबरोबर वरण म्हणून ताटात येते.