पेरियार तलावाकाठचा मुक्काम : एका ‘आदिम’ निसर्गदृश्याची ऐतिहासिक घडण

प्रस्तावना

केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील ठेक्कडी येथे एक-दोन रात्रींच्या वन्यजीवदर्शनासाठी येणाऱ्या पाहुण्याचा कार्यक्रम बहुतांशी ठरलेला असतो. धक्क्यावरून बोट निघते. पाण्यातून वर आलेले वाळक्या झाडांचे काळे बुंधे, त्यांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे आणि काठावरचे गवे पाहत तो एडप्पालयमच्या ‘लेक पॅलेस’ या निवासस्थानी पोहोचतो. सकाळी जळवांपासून बचाव करणारे जाड कापडी मोजे गुडघ्यापर्यंत चढवून तो वाटाड्यामागून सदाहरित वर्षावनात शिरतो. धनेशाच्या पंखांचा आवाज, शेकरूची उडी, नशीब असल्यास सिंहपुच्छ वानरांची टोळी आणि संध्याकाळी पाण्यावर उतरलेला हत्तींचा कळप एवढे पाहून तो परततो. आपण मनुष्यस्पर्श न झालेला निसर्ग पाहिला, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

या समजुतीची थट्टा करण्याचा येथे हेतू नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला हे दृश्य वेगळ्या रीतीने वाचता येते. व्हरांड्यातून दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला सनावळी आहे, आणि ती सनावळी वाचली नाही तर या दृश्यासाठी कोणी किंमत मोजली, हेही कळत नाही.

करारातून जन्मलेले सरोवर

सर्वप्रथम सरोवराविषयी. ते निसर्गनिर्मित नाही. पश्चिमेकडे अरबी समुद्राला मिळणाऱ्या पेरियार नदीचे पाणी अडवून, डोंगरातून बोगदा काढून ते पूर्वेकडील वैगई खोऱ्यात, म्हणजे मदुराईच्या कोरडवाहू मुलखात सोडण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून चर्चेत होती. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर तिला निकड आली. २९ ऑक्टोबर १८८६ रोजी त्रावणकोर संस्थान आणि मद्रास सरकार यांच्यात करार झाला. त्यानुसार सुमारे ८००० एकर जमीन ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, एकरी वार्षिक ५ रुपये दराने देण्यात आली. एका मांडलिक संस्थानाने सार्वभौम सत्तेशी केलेला हा करार कितपत स्वेच्छेचा होता, याविषयी केरळात आजही कडवटपणाने बोलले जाते. आणि ९९९ हा आकडा पाहता तो कडवटपणा अनाठायी वाटत नाही.

धरणाचा अभियंता जॉन पेनीक्विक याचा जन्म १८४१ साली पुण्यात झाला, ही बाब मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. १८८७ मध्ये काम सुरू झाले. नदीच्या पुरांनी तात्पुरते बांध वाहून नेले, हिवतापाने मजूर मेले, आणि अखेरीस चुना व सुरखी वापरून उभारलेले सुमारे १७६ फूट उंचीचे दगडी धरण ऑक्टोबर १८९५ मध्ये कार्यान्वित झाले. घाटाच्या पूर्वेस, थेनी परिसरातील शेतकरी १५ जानेवारीला, पेनीक्विकच्या जन्मदिनी, त्याच्या नावाने पोंगल साजरा करतात. पश्चिम उतारावर मात्र त्याच धरणाच्या वयाची धास्ती घेतली जाते. एकाच वास्तूची अशी दोन सार्वजनिक स्मरणे फार थोड्या ठिकाणी आढळतील.

पाहुण्याच्या छायाचित्रात हमखास येणारे काळे बुंधे त्या बुडालेल्या अरण्याचे आहेत. १८९५ पूर्वी तेथे दरी होती, वृक्ष होते आणि मन्नान, पलियन यांसारख्या आदिवासी समाजांच्या वहिवाटीचा मुलूख होता. पाणी आले, पुढे अरण्य राखीव झाले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुटुंबांना टप्प्याटप्प्याने कुमळीलगतच्या वस्त्यांत आणून बसविण्यात आले. पूर्वजांच्या मुलखावर पसरलेल्या पाण्यात ते आज परवानगीने मासेमारी करतात. जाळ्यात पुष्कळदा बाहेरून आणलेले तिलापिया व सायप्रिनस जातीचे मासे येतात.

येथे एक विसंगती नोंदवावी लागते. आसपासच्या पीरमेड व वेलदोड्याच्या डोंगरांवर मळ्यांसाठी जंगल साफ होत असताना तलावाभोवतीचे जंगल टिकले, कारण ते जलाशयाचे पाणलोट क्षेत्र होते. १८९९ मध्ये ते ‘पेरियार लेक रिझर्व्ह’ म्हणून राखण्यात आले. वाघ-हत्तींच्या ममतेपेक्षा दूरच्या भातशेतीच्या पाण्याने या वर्षावनाचे अधिक रक्षण केले, असे म्हणणे फारसे चुकीचे ठरणार नाही.

राजाश्रय आणि हस्तिदंत

वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा विचार त्यानंतर तीन दशकांनी आला. १९३३ मध्ये त्रावणकोर दरबाराने एस. सी. एच. रॉबिन्सन यांना वन्यजीवरक्षक नेमले आणि १९३४ मध्ये नेल्लिक्कमपट्टी अभयारण्य अस्तित्वात आले. (सलीम अली यांनी त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांची प्रसिद्ध पाहणी केली तीही १९३३ मध्येच.) एडप्पालयमचे आजचे पर्यटकनिवास हे त्रावणकोरच्या महाराजांचे उन्हाळी निवासस्थान होते. अभयारण्याचा विस्तार १९५० मध्ये ७७७ चौरस किलोमीटरपर्यंत झाला. १९७८ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला.

परंतु दर्जा मिळणे आणि रक्षण होणे या दोन भिन्न गोष्टी होत. १९७० व १९८० च्या दशकांत हस्तिदंतासाठी येथे नर हत्तींची इतकी चोरटी शिकार झाली की माद्यांच्या तुलनेत प्रौढ नरांची संख्या विलक्षण घटली. आशियाई हत्तीत सुळे केवळ नरालाच असल्याने शिकाऱ्याच्या गोळीने कळपाची लिंगरचनाच बदलली. तलावाकाठी दिसणाऱ्या कळपांत सुळेवाला का दुर्मीळ, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच प्राणिशास्त्राइतकेच इतिहासातही शोधावे लागते.

हत्ती काठावर येतात यामागेही जलव्यवस्थापन आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की उघड्या पडलेल्या काठांवर कोवळे गवत येते आणि गवे, सांबर, हत्ती तेथे चरायला उतरतात. पाणी किती उतरावे आणि किती चढावे, हा मात्र दोन राज्यांमधील वाद आहे. १९७० च्या पूरक करारांनी भाडे एकरी ३० रुपये झाले आणि मासेमारीचा हक्क केरळकडे आला. धरणाच्या सुरक्षिततेच्या चिंतेमुळे १९७९ पासून पातळी १३६ फुटांवर आणली गेली. २००६ मध्ये व पुन्हा २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १४२ फुटांपर्यंत साठ्यास मान्यता दिली. पातळी वाढल्यास अभयारण्याची हानी होईल, हा केरळचा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही. हत्ती कोणत्या काठाला चरेल, हे असे दिल्लीतील निकालाशीही जोडलेले आहे.

बोटींच्या गर्दीची किंमत ३० सप्टेंबर २००९ रोजी दिसली. ‘जलकन्यका’ ही पर्यटक बोट उलटून ४५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर सुरक्षेची चर्चा झाली. किती माणसे तलावावर सोडावीत, हा मूळ प्रश्न त्या मानाने मागे राहिला.

वाटाड्या

या साऱ्यात अभ्यासकाने सर्वाधिक लक्ष द्यावे असा घटक म्हणजे पुढे चालणारा वाटाड्या. १९९६ ते २००४ या काळात भारतातील सात संरक्षित क्षेत्रांत जागतिक बँक व जागतिक पर्यावरण निधी यांच्या साहाय्याने परिसर-विकास प्रकल्प राबविण्यात आला. पेरियार त्यांपैकी एक. त्याच सुमारास रानदालचिनीची, म्हणजे स्थानिक भाषेत ‘वयना’ वृक्षाची, साल चोरून विकणाऱ्या एका टोळीशी वनाधिकाऱ्यांनी बोलणी केली. पूर्वी साल सोलणारे हे लोक संघटित झाले आणि त्यांची समितीच ‘माजी वयना साल संकलक’ या नावाने स्थापन झाली. आपला गुन्हा संस्थेच्या नावातच मिरवणारी अशी दुसरी संघटना निदान प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

दोन-तीन दिवसांची ‘टायगर ट्रेल’ नावाची पदयात्रा हे लोक चालवू लागले. मोजके पाहुणे, जवळजवळ तितकेच वाटाडे, सोबत एक सशस्त्र वनरक्षक आणि रानात तंबू, अशी तिची रचना. पाहुण्यांच्या शुल्कातून त्यांना उत्पन्न मिळते आणि त्यांच्या वावरामुळे गस्तही होते. टोळ्या कोणत्या वाटेने येतात, कोठे मुक्काम करतात, माल कोठे उतरतो, हे त्यांना पाठ होते, आणि त्या माहितीवरून इतर चोरटे पकडले गेले. मन्नान व पलियन तरुणांची वेगळी वाटाड्या-समिती आहे. कुमळी परिसरातील स्त्रियांनी ‘वसंतसेना’ नावाने २००२ पासून विनामोबदला गस्त सुरू केली. रक्षणाच्या इतिहासात पुरुष अधिकाऱ्यांचीच नावे येत असल्याने या शेवटच्या प्रयोगाची नोंद विशेष अगत्याने व्हायला हवी.

हे सारे हृदयपरिवर्तनाची कथा म्हणून सांगण्याचा मोह होतो आणि पर्यटनसाहित्यात ती तशीच सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाला ती अपुरी वाटते. साल सोलणारा माणूस रात्री जंगलात शिरे तो मजुरीच्या अनिश्चिततेमुळे आणि व्यापाऱ्याच्या उचलीमुळेही. सर्वांत मोठा नफा घेणारा व्यापारी मात्र वाटाड्या झाला नाही, आणि त्याचे नाव कोणत्याही समितीला मिळाले नाही. शिवाय ‘चोर’ आणि ‘संकलक’ यांतील रेषा कोणी व केव्हा आखली, हाही प्रश्न उरतो. मन्नान कुटुंबांसाठी मध, कंद आणि मासे गोळा करणे हा गुन्हा नव्हता. ते अरण्य राखीव झाल्यावर गुन्हा ठरले आणि समितीच्या अंगाने त्यातले काही पुन्हा परवानगीचे झाले.

या माणसांच्या नोंदी आज दोन ठिकाणी आहेत. वनखात्याच्या दप्तरात ते आरोपी आहेत, कार्यक्रमपत्रिकेत वाटाडे. पहिल्या तुकडीतील माणसे आता उतारवयात असणार. मलयाळम व तमिळ जाणणाऱ्या अभ्यासकाने त्यांच्यासोबत त्या जुन्या वाटा पायी चालून, कोणते झाड कोणत्या साली सोलले, कोणत्या ओढ्याशी मुक्काम पडे आणि साल कोणाच्या दारात कोणत्या भावाने उतरे, हे त्यांच्या तोंडून टिपून घेण्याचे काम अजून करता येण्यासारखे आहे.