मस्तानी (पेय)

मस्तानी हे दूध, फळांचा गर व आइसक्रीम यांपासून बनवले जाणारे घट्ट, थंड पेय असून ते मुख्यत्वे पुणे शहराशी निगडित आहे. आंबा मस्तानी हा त्याचा सर्वाधिक परिचित प्रकार होय. उंच पेल्यात आमरस मिसळलेले दाट दूध ओतून वर आइसक्रीमचा गोळा ठेवतात व सुक्या मेव्याचे काप पेरतात. त्यामुळे हे पेय चमच्यानेच संपवावे लागते.

नावाची उत्पत्ती

पेयाचे नाव थोरल्या बाजीराव पेशव्यांची पत्नी मस्तानी (मृत्यू १७४०) हिच्यावरून पडले. ती बुंदेलखंडाचे राजे छत्रसाल यांची कन्या मानली जाते. तिच्या सौंदर्याची उपमा पेयाला दिली गेली, अशी लोकप्रिय उपपत्ती आहे. पेय मात्र पेशवेकालीन नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली, तर बोस्टनहून बर्फाचे पहिले जहाज कोलकात्यास पोहोचले ते १८३३ मध्ये. पश्चिम भारतात आइसक्रीम त्यानंतरचे. विसाव्या शतकात पुण्यातील शीतपेयगृहांनी हे नाव रूढ केले. याच पुण्यात बाजीराव मोहिमेवर असताना पेशवे कुटुंबीयांनी मस्तानीला नजरकैदेत ठेवले होते.

अमेरिकेतील 'शर्ली टेम्पल' हे मद्यविरहित पेयही असेच एका अभिनेत्रीच्या नावाचे आहे; त्याच्या बाटलीबंद विक्रीस तिने स्वतः न्यायालयात विरोध केला होता.