ड्रॉस (जस्तलेपन)
तासगावच्या द्राक्षमांडवाची तार किंवा साताऱ्याच्या डोंगरातून कोयनेची वीज नेणारा मनोरा गंजू नये, म्हणून पोलाद सुमारे ४५०° से. तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. पोलादातील थोडे लोह जस्तात उतरते. विरघळण्याच्या मर्यादेबाहेरचे लोह जस्ताशी संयोग पावते आणि त्या संयुगाचे स्फटिककण बनतात. हाच ड्रॉस. त्यात लोह जेमतेम ४ टक्के, उरलेले बहुतेक जस्तच. त्यामुळे नुकसान खरे महागड्या धातूचे. किंचित जड असलेले हे कण सावकाश तळाशी बसतात. बुडवणी थांबवून रस निवळू देतात आणि मग सच्छिद्र झाऱ्याने गाळ उपसून, जस्त निथळू देऊन बाहेर काढतात. घाईने ढवळल्यास कण लेपात अडकून पृष्ठभाग पुरळ उठल्यासारखा खरखरीत होतो. वर तरंगणारी जस्ताची राख वेगळी. ती खरवडून बाजूला सारतात. ड्रॉस जस्त ऑक्साइड बनवणारे विकत घेतात.