पुरस्कार दहाव्या वर्षी द्यावा

सरकारी सेवा संगणकावर आणल्याबद्दल अमुक खात्याला पुरस्कार, ही बातमी आता इतकी नेहमीची झालीय की आपण पान उलटून पुढे जातो. पण या पुरस्कारांनाही आता पंचवीस वर्षांचा इतिहास जमलाय, आणि तो आमच्या अमडापूरसारख्या गावाला बरंच काही सांगणारा आहे.

सुरुवात धारपासून. पवारांचं धार, म्हणजे मराठी माणसाला तसं परकं नाही. मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये 'ज्ञानदूत' सुरू झालं. गावोगावी 'सूचनालय' नावाची केंद्रं, तिथे एक संगणक आणि तो चालवणारा गावातलाच तरुण. जमिनीचा उतारा, दाखल्याचा अर्ज, तक्रार, मंडीतले भाव, सगळं थोड्या पैशांत. त्याच वर्षी थेट स्वीडनचा 'स्टॉकहोम चॅलेंज' पुरस्कार मिळाला आणि जगभर नाव झालं. आणि मग? दोन वर्षांनी अभ्यासकांनी पाहिलं, तर केंद्रांकडे लोक अपेक्षेपेक्षा फारच कमी फिरकत होते. वीज जायची, फोनची लाईन बंद पडायची, आणि ज्या गरिबांसाठी हे सगळं होतं त्यांच्यातल्या अनेकांना त्याचा पत्ताच नव्हता.

२००३ पासून केंद्र सरकारचे राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स पुरस्कारही सुरू झाले. त्यात बहुतेक मान खात्यांचा आणि जिल्ह्यांचा. ग्रामपंचायतींसाठी वेगळा गट यायला २०२५ साल उजाडलं! त्या पहिल्याच वर्षी सुवर्ण पुरस्कार मिळाला धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातल्या रोहिणी या आदिवासी भागातल्या गावाला. सप्टेंबरमध्ये विशाखापट्टणमला समारंभ झाला. दहा लाखांची रक्कम मिळाली, तीही लोकांच्या कामासाठीच वापरायची. गंमत बघा, मुंबई-आग्रा रस्ता शिरपूरवरून पुढे धार जिल्ह्यातूनच जातो. स्टॉकहोमच्या कौतुकापासून ग्रामपंचायतीच्या कौतुकापर्यंतचं अंतर नकाशावर एवढंसं, पण कापायला पंचवीस वर्षं लागली.

आता आमच्याकडे, चिखली तालुक्यात. एके काळी उताऱ्यासाठी पटवाऱ्याची वाट बघणं हा शेतकऱ्याचा अर्धा दिवस असायचा. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो शेतकऱ्यानेच काढायचा, नोंद त्यानेच करायची. बदल खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण रेंज नसली किंवा 'सर्व्हर डाऊन' असला की धारच्या सूचनालयाची आठवण होते. पीक विमा आणि नुकसानभरपाई या नोंदीवर अडते, त्यामुळे इथे चुकलेला एक दिवस महाग पडू शकतो.

म्हणून मला वाटतं, पुरस्कार उद्घाटनाच्या वर्षी देऊच नये. दहाव्या वर्षी द्यावा. कल्पना काढणारा अधिकारी बदली होऊन गेला, पहिले संगणक भंगारात गेले, आणि तरीही म्हाताऱ्या माणसाला कुणाच्या हातापाया न पडता उतारा मिळतोय, तर खुशाल सोन्याचा द्या! रोहिणीचं अभिनंदन आजही आहेच. पण २०३५ साली तिथे काय चालू आहे, हे बघायला मला जास्त आवडेल.

असो. तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, जरूर कळवा.