मजकूर आणि हुकूम

यवतमाळात दत्त चौकाजवळच्या छापखान्यात मी कंपोझिटर होतो, तेव्हा कॉपीवर लाल शाईच्या खुणा असायच्या : हे शीर्षक, इथे नवा परिच्छेद, एवढं जाड टाइपात. १९१८ साली बापूजी अण्यांचं 'लोकमत' याच गावातून निघालं, तेही अशाच खुणांवर जुळलं असणार. खूण फक्त सांगायची. खिळे उचलायचा माणूस. कॉपीत कुणी काहीही खरडलं, तरी त्यानं यंत्र सुरू होत नसे.

१९६९ मध्ये आयबीएममधल्या चार्ल्स गोल्डफार्ब आणि सहकाऱ्यांनी ही रीत संगणकात नेली. खुणेनं मजकूर काय आहे तेवढंच सांगायचं, त्याचं काय करायचं ते दुसऱ्या प्रोग्रॅमनं बघायचं. टिम बर्नर्स-लींचं एचटीएमएल त्याच घराण्यातलं. ही शिस्त मोडली १९९५ साली. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्ट उभी केली आणि ती थेट पानाच्या मजकुरात लिहायची मुभा मिळाली. पानात जिवंतपणा आला, हे मला मान्यच आहे. पण हुकूम पानाच्या मालकाचा की मजकूर भरणाऱ्या परक्याचा, हे ब्राउझरला कळेना.

४ ऑक्टोबर २००५ ला त्याची किंमत दिसली. सॅमी कामकार या तरुणानं मायस्पेसवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये कोड घुसवला. साइट स्क्रिप्टचा टॅग गाळायची, म्हणून त्यानं तो रंगरूप ठरवणाऱ्या स्टाइलमध्ये लपवला. 'जावास्क्रिप्ट' हा शब्दही गाळला जायचा, तर त्यानं 'जावा' आणि 'स्क्रिप्ट' यांच्यामध्ये ओळ तोडली. चाळणीला शब्द सापडला नाही. काही ब्राउझरांनी मात्र दोन्ही तुकडे जोडून कोड चालवला. जो प्रोफाइल उघडेल त्याच्या प्रोफाइलमध्ये तो उतरे. वीसेक तासांत दहा लाखांवर खाती बाधली.

गाळण्या लावून हे थांबणार नव्हतं. हुकुमाची जागाच वेगळी करायला हवी होती. २०१२ मध्ये 'कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी'ची पहिली आवृत्ती आकाराला आली. पानासोबत सर्व्हर कळवतो की स्क्रिप्ट फक्त अमुक ठिकाणचीच चालवायची. मजकुरात लिहिलेली ब्राउझर चालवत नाही. मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

तरी जुनी पानं मोडू नयेत म्हणून त्यात 'अनसेफ-इनलाइन' नावाची पळवाट ठेवावी लागली, आणि लोक तीच सर्रास वापरतात. आता मी मुलांना वेब डिझाइन शिकवतो. बटणातच 'ऑनक्लिक' लिहिलेलं दिसलं की तो कोड वेगळ्या फाइलमध्ये हलवल्याशिवाय मी वही तपासत नाही.