दापुरीची वनस्पतिचित्रे आणि त्यांचा अनामिक चित्रकार

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील वनस्पतींची जी शास्त्रीय नोंद झाली, तिचे बरेचसे श्रेय डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना दिले जाते आणि ते रास्तही आहे. मात्र या नोंदीचा चित्ररूप भाग ज्याच्या हातून सिद्ध झाला, त्याचे नाव दप्तरात उतरलेले नाही.

पवना मुळेला मिळते तेथील दापुरी, म्हणजे आजचे दापोडी, हे पेशव्यांच्या कवायती पलटणीचे ठाणे होते. (याच प्रवाहाच्या खालच्या अंगाला, संगमापलीकडे, मांजरीचे शिवार लागते.) पलटणीचे कॅप्टन फोर्ड यांचा तेथील बंगला गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये सरकारसाठी घेतला व त्याच्या आवारात वनस्पती उद्यान उभे राहिले. १८३८ पासून त्याचे अधीक्षक असलेले गिब्सन पेशाने वैद्य होते. लष्करी रुग्णालयांसाठी औषधी वनस्पती पिकविणे हा या उद्यानाचा एक मुख्य उद्योग होता.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी येथे सुमारे १७० जलरंगचित्रे करवून घेतली. त्यांत देशी वनस्पती आहेत, तशाच परदेशांतून आणून बागेत रुजविलेल्याही आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता, एवढाच त्याचा परिचय उरला आहे. त्याचे काम केवळ नक्कल करण्याचे नव्हते. फूल चेपून वाळविले की रंग उडतो, मांसल पाकळी चपटी होते. म्हणून ताजा रंग कोमेजण्यापूर्वी टिपावा लागतो आणि अनेक फांद्यांतून जातीचे लक्षण नेमके दाखविणारी फांदी हेरावी लागते. ही निवड म्हणजे निरीक्षणाधिष्ठित ज्ञानच होय.

मद्रास इलाख्यातील उदाहरण येथे बोलके ठरते. रॉबर्ट वाइट यांचे चित्रकार रंगय्या आणि गोविंदू यांची नावे टिकली. एवढेच नव्हे, तर वाइट यांनी ऑर्किडच्या एका प्रजातीला गोविंदूचे नाव दिले. मुंबई इलाख्यात १८६१ च्या ‘बॉम्बे फ्लोरा’ या ग्रंथावर डॅलझेल व गिब्सन यांची नावे आहेत. दापुरीच्या चित्रकाराच्या वाट्याला असा कोणताच उल्लेख आला नाही.

ही चित्रे एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या शीर्षकात दापुरी आहे, गिब्सनही आहेत. नाव हरवलेल्या कलावंताला कलेतिहासात स्थळावरून ओळख देण्याची रीत आहे. त्या रीतीने ‘दापुरीचा चित्रकार’ अशी स्वतंत्र नोंद मराठी संदर्भग्रंथांत तरी व्हावयास हरकत नाही.